नोकरी निवडताना कंपनीचं ईएसजी रेटिंग बघावं का?

बघा, पण त्यावर नोकरी ठरवू नका. (ईएसजी रेटिंग म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या बाबतींत एजन्सींनी कंपनीला दिलेली श्रेणी.) सप्टेंबर २०१५ मध्ये डाऊ जोन्सच्या सस्टेनेबिलिटी निर्देशांकाने वाहन उद्योगात फोक्सवॅगनला अव्वल ठरवलं आणि त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या प्रदूषण चाचणीतली लबाडी बाहेर आली. एमआयटीच्या अभ्यासकांनी सहा एजन्सींची रेटिंग्ज ताडून पाहिली, तर परस्परसंबंध सरासरी ०.५४ निघाला (पूर्ण एकमत असतं तर १ आला असता). म्हणजे एकीची लाडकी दुसरीच्या यादीत तळाला असू शकते.

आता मी हे एवढं तावातावाने का लिहितोय ते सांगतो. मी एका कारखान्यात सेफ्टी विभागात होतो. वार्षिक अहवालासाठी अपघातांचे आकडे माझ्याकडून जायचे. त्या वर्षी प्रेस मशीनवर एका कंत्राटी कामगाराची दोन बोटं गेली. मी लॉस्ट टाइम इंज्युरीच्या, म्हणजे ज्या दुखापतीमुळे कामाचा दिवस बुडतो तिच्या, रकान्यात '१' लिहून पाठवला. छापायला जाण्याआधीचा मसुदा आला, त्यात '०'. फायनान्सच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "तो आपला माणूस नाही, ठेकेदाराचा आहे." प्रेस आपला, शिफ्ट आपली, सुपरवायझर आपला, मशीनचं संरक्षक कवच काढून चालवायला सांगणाराही आपलाच, फक्त बोटं तेवढी ठेकेदाराची! मी भर मीटिंगमध्ये हे बोललो. शेवटी मला सांगण्यात आलं की सेफ्टीवाल्याने हेल्मेट बघावं, अहवाल बघू नये.

कायम कामगारांसाठी वेगळी युक्ती होती. पायाला प्लास्टर असलं तरी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून माणसाला आणायचं, टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवायचं आणि 'लाइट ड्यूटी' लिहायचं. हजेरी लागली की दिवस वाया गेला नाही, म्हणजे अपघात मोजायचा नाही. अहवालात 'शून्य अपघात' ठळक अक्षरांत आलं, शेजारी संचालक झाड लावतानाचा फोटो. रेटिंग वाढलं.

यात एजन्सीचाही फारसा दोष नाही म्हणा. बरीचशी माहिती कंपनीनेच दिलेली असते. शिवाय एमएससीआय या एजन्सीसारखी रेटिंग्ज मुख्यतः पर्यावरण-समाजामुळे कंपनीच्या कमाईला किती धोका आहे ते जोखतात. कंपनीमुळे तुमच्या बोटांना किती धोका आहे, हा प्रश्न तिथे कोणी विचारलेलाच नसतो.

म्हणून रेटिंगचं अक्षर सोडा, अहवालाच्या शेवटची तक्ते असलेली पानं काढा. अपघातांच्या तक्त्यात कायम आणि कंत्राटी असे वेगळे रकाने आहेत का? उत्सर्जनात स्कोप ३, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांच्या वापरापर्यंतचं सगळं, धरलंय की स्कोप १ आणि २ वरच, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या आणि विकत घेतलेल्या विजेच्या उत्सर्जनावरच, काम भागवलंय? आकडे बाहेरच्या कुणी तपासलेत का, आणि तपासले असतील तर नेमके कुठले? मुलाखतीत "प्रश्न आहेत का?" असं विचारतील, तेव्हा कंत्राटी कामगारांचे अपघात मोजता का, एवढं विचारा. समोरच्याचा चेहरा बघा.

हे सगळं मुख्यतः कारखान्यांना लागू आहे. बँकेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये जाणार असाल तर संचालक मंडळात स्वतंत्र माणसं किती आणि तक्रार करणाऱ्याचं पुढे काय होतं, ते आधी बघा. प्रामाणिक अहवाल काढणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि त्यांचे अपघातांचे आकडे जास्त दिसतात म्हणून घाबरून पळू नका.

आणि आमचे ते फायनान्सचे साहेब हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: जीआरआय (असे अहवाल कसे लिहायचे याची आंतरराष्ट्रीय मानकं) मानक ४०३-९, उपकलम बी. पगारावर नसलेले, पण ज्यांचं काम किंवा कामाची जागा कंपनीच्या ताब्यात आहे, असे कामगारही मोजायचे असतात.