ऑर्डरवर एकच नाव असतं

मुलुंड, रविवार सकाळ

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. काल रात्री तुझ्या बाबांचा फोन आला. नियुक्तीचं पत्र आलं, परराष्ट्र मंत्रालय, असिस्टंट सेक्शन ऑफिसर. आवाजातला आनंद लपत नव्हता. सीजीएलच्या स्पर्धा परीक्षेतून हे खातं मिळायला काय मेहनत लागते ते मला चांगलं ठाऊक आहे. मी याच खात्यात 1984 साली असिस्टंट म्हणून लागलो आणि 2018 ला अटॅशे म्हणून निवृत्त झालो. बाबा म्हणाले, तिला चार गोष्टी समजावून सांगा. ऑफिसचं काम तुला दिल्लीत शिकवतील. घराचं मात्र कोणी शिकवत नाही, मलाही कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट पक्की ध्यानात घे. तुझ्या नोकरीत ‘परत येणं’ म्हणजे मुंबईला येणं नव्हे. तीन वर्षं परदेशात, कठीण ठिकाण असेल तर त्याहून कमी, मग दिल्ली, मग पुन्हा परदेश. मुंबई येते ती होम लीव्हमध्ये, आणि ते दिवस नातेवाइकांकडे जेवायला जाण्यातच संपतात. लालबागची माणसं तुला विचारतील, ‘परत कधी येणार?’ उत्तर देताना तुझ्या मनात गोंधळ असू नये. माझ्या मनात दहा वर्षं होता. दिल्लीतल्या क्वार्टरमध्ये मी भिंतीला खिळासुद्धा ठोकला नाही, कारण आपलं घर मुंबईत आहे असं मी स्वतःला बजावत राहिलो. मुलीचं बालपण त्याच बिनखिळ्याच्या घरात गेलं.

आता मुख्य गोष्ट. बदलीच्या ऑर्डरवर नाव एकाचंच असतं, बदली मात्र अख्ख्या घराची होते. पहिली ऑर्डर मॉरिशसची आली. मी पेढे घेऊनच घरी गेलो आणि दारातूनच ओरडलो, ‘आपण पोर्ट लुईला चाललो!’ तुझी काकू तेव्हा एका अनुदानित शाळेत शिकवत होती. नऊ वर्षांची नोकरी. तिनं पेढा तोंडात घातला, अभिनंदन केलं आणि भात उतरवायला आत गेली. महिन्याभरानं राजीनामा दिला. ‘तुला काय वाटतं?’ एवढं मी तिला विचारलं नव्हतं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. मलाच ते कळायला मॉस्कोचं पोस्टिंग उजाडलं. एका संध्याकाळी ती खिडकीशी बसून जुन्या विद्यार्थिनीचं पत्र वाचत होती. डिसेंबरात तिथं चारच्या सुमाराला अंधारतं. दिवा लावायचंही तिला भान नव्हतं. पत्र संपलं तरी कागद हातात तसाच होता.

तुझं लग्न ठरतंय असं कळलं. मुलगा आयटीत आहे, चांगला आहे. या वेळी घरी बसण्याची पाळी त्याच्यावर येणार आहे, आणि आपल्याकडे तशी सवय ना मुलांना आहे ना त्यांच्या आईवडिलांना. त्याच्याशी आत्ताच स्पष्ट बोल. काही देशांशी भारताचे करार आहेत, तिथं कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला नोकरी करता येते. पण त्या नोकरीपुरतं दिवाणी बाबतींतलं राजनैतिक संरक्षण राहत नाही आणि तिथला कर भरावा लागतो. करार नसेल तिथं मार्ग फारच अरुंद. ‘मी लॅपटॉपवर इथलंच काम करीन’ असं तो म्हणेल. तेही यजमान देशाच्या नियमांत आणि मंत्रालयाच्या परवानगीत बसतं का, हे जाण्याआधी लेखी विचारून घ्या. प्रत्येक वेळी पसंतीच्या ठिकाणांचा फॉर्म भरताना दोघांनी एका टेबलाशी बसायचं. अलाउन्सचा आकडा बघायचाच, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण त्याच्या शेजारी ‘तो दिवसभर काय करणार’ हेही लिहायचं.

तू मुलगी आहेस म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. सी. बी. मुथम्मा या परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. तेव्हा नियमच असा होता की महिला अधिकाऱ्यानं लग्नाआधी सरकारची परवानगी घ्यायची, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येत असे. पुरुषांना असली अट नव्हती. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 1979 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालात या भेदभावावर कडक शब्दांत कोरडे ओढले. म्हणून उद्या एखादी मावशी ‘मुलीच्या जातीला कशाला ही फिरतीची नोकरी’ असं म्हणाली, तर मान खाली घालू नकोस. हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. संसार कसा जुळवायचा हा प्रश्न उरतो, पण तो तुम्हा दोघांचा आहे, तुझ्या एकटीचा नाही.

मुलांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझी सर्वांत मोठी चूक तिथं झाली.

मॉस्कोला गेलो तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. दूतावासाच्या केंद्रीय विद्यालयात प्रवेश मिळाला. परदेशात अशी केंद्रीय विद्यालयं मॉस्को, काठमांडू आणि तेहरान एवढीच, म्हणजे आमचं नशीब चांगलं. अभ्यासक्रम तोच, पुस्तकं तीच. मी निर्धास्त झालो. हेवी बॅगेज समुद्रमार्गे येतं, दोन-तीन महिने जातात. सामान आलं, सगळे खोके उघडले. तिचा एक खोका तिनं उघडू दिला नाही. वर तिनंच स्केचपेननं नाव लिहिलेलं, खाकी टेप तशीच. पलंगाखाली सरकवून ठेवला. विचारलं तर म्हणाली, ‘परत भरायचंच आहे ना.’ पोर समजूतदार आहे असं वाटून मी ते कौतुकानं चारचौघांत सांगितलं. तो खोका तीन वर्षं पलंगाखाली राहिला आणि तसाच दिल्लीला आला. त्यात भातुकली होती, मॉरिशसच्या मैत्रिणीनं दिलेली शंखांची माळ होती. उघडला तेव्हा भातुकलीचं वय निघून गेलं होतं.

मैत्रिणींचा निरोप घ्यायला आम्ही तिला नीट वेळच दिला नव्हता. ‘आधी कशाला सांगायचं, उगाच रडेल’ असं म्हणून आठवडाभर आधी सांगितलं. तू असं करू नकोस. ऑर्डर आली की त्याच दिवशी मुलांना सांग. रडू दे. मैत्रिणींना घरी बोलावू दे, शाळेच्या फाटकाशी फोटो काढू दे. आणि नव्या घरी पहिल्या रात्री सगळ्यांत आधी मुलांची खोली लाव. मुंबईहून नेलेली त्यांचीच चादर, त्यांचीच उशी. ती बॅगेजमध्ये टाकू नकोस, सुटकेसमध्ये ने. पोळपाट-लाटणं, लहान कुकर आणि त्याच्या दोन जादा रिंगा, हेही हातासरशी. विजेच्या शेगडीवर फुलका फुगत नाही, त्याला जाळी लागते, ती विसरू नकोस. पहिल्या आठवड्यात घरात कुकरची शिट्टी झाली की पोरं निम्मी सावरतात.

शाळेचं वर्ष कुठं जानेवारीला सुरू होतं, कुठं सप्टेंबरला, आपल्याकडे जून नाहीतर एप्रिलला. अर्धं वर्ष सहज फुकट जातं. त्यातून दहावी-बारावी कुठून झाली, याला महाराष्ट्रातल्या प्रवेशांत वजन असतं. आम्ही तिसऱ्या पोस्टिंगच्या वेळी घर दोन ठिकाणी केलं. काकू आणि मुलगी लालबागला आईजवळ, मी एकटा आफ्रिकेत. ते बरोबर केलं असं आजही वाटतं. सोपं नव्हतं.

मराठीची काळजी तुला वाटेल. मॉरिशसमध्ये मला एक आजोबा भेटले. रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज, चौथी-पाचवी पिढी. घरात सगळे क्रिओल बोलत. पण गणेश चतुर्थीला, तिथं त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, विसर्जनाच्या वेळी समुद्रात गुडघाभर उभं राहून त्यांनी आरती म्हटली, एक अक्षर न चुकता. माझी मुलगी खांद्यावर होती, तीही त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. त्या दिवसापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी शुभंकरोती आणि रविवारी आजीला पत्र. दूतावासाच्या टपालाच्या बॅगेतून पत्रं जायची, आजीचं उत्तर यायला महिना लागायचा. बाराखडी ती त्या पत्रांसाठी शिकली.

आता मुंबईच्या बाजूचं. 2003 साली आई गेली तेव्हा माझा पासपोर्ट निवास परवान्याच्या नूतनीकरणासाठी बाहेर गेलेला होता. कोणाचा दोष नव्हता, मीच तारखांकडे लक्ष ठेवलं नव्हतं. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. काकूनं आणि तुझ्या बाबांनी सगळं केलं, तुझ्या बाबांचे ते उपकार मी विसरलेलो नाही. घरी वयस्कर माणूस असेल तर पासपोर्ट कुठं आहे हे तुला झोपेतही सांगता आलं पाहिजे. इमर्जन्सी पॅसेज, म्हणजे अशा वेळी सरकारी खर्चानं घरी येण्याची सोय, नोकरीभरात मोजकेच मिळतात. पीएलसीए, म्हणजे आपल्या खात्याच्या पगार, रजा आणि भत्त्यांच्या नियमांत ते प्रकरण आहे, रुजू झाल्या झाल्या वाचून काढ.

आणि चाळीचा पुनर्विकास. तुमच्याकडे बोलणी चालू आहेत असं ऐकलं. तुझं नाव कुठल्याही कागदावर येणार असेल तर जाण्याआधीच इथं मुखत्यारपत्र नोंदवून ठेव. परदेशात केलंस तर दूतावासात साक्षांकित करून घ्यावं लागतं, आणि कागद इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमच्या वेळी ती मुदत चुकली आणि एका सहीसाठी अख्ख्या मजल्याचं काम अडून राहिलं. शेजाऱ्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही, पण मला फार लागलं ते.

पुढच्या रविवारी जेवायला ये, त्यालाही घेऊन ये. मुलगीही नातवाला घेऊन यायची आहे. काकूला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, शाळेबद्दल लिहिलंत ते खरं आहे, पण त्या मुलाशी तुम्ही काही बोलू नका, मी बोलेन. तेव्हा जेवण झालं की तू आणि मी गॅलरीत बसू, ती दोघं आत बोलतील.

तुझा,
काका