सही ब्रुसेल्सची, संमती कोणाची?

प्रश्न : युरोपीय महासंघाचे काही व्यापार करार थेट लागू होतात, तर काही सदस्य देशांच्या संसदांकडे जातात. असे का?

उत्तर : विषय कोणाच्या अधिकारातला, यावर ते ठरते. २००९ मध्ये लिस्बन तह लागू झाल्यापासून वस्तू, सेवा आणि थेट परकीय गुंतवणूक यांवरचे व्यापार करार एकट्या महासंघाच्या हाती आहेत. सिंगापूर कराराच्या वेळी यावरून वाद झाला. १६ मे २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, की दोन बाबींना सदस्य देशांचीही संमती लागेल : शेअर-रोख्यांतली गुंतवणूक आणि सरकारला लवादापुढे खेचण्याचा गुंतवणूकदाराचा हक्क. मग कराराचे दोन भाग केले आणि व्यापाराचा भाग २१ नोव्हेंबर २०१९ पासून लागू झाला. २०२२ मध्ये भारताशीही व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन अशा तीन वेगळ्या वाटाघाटी सुरू झाल्या.

प्रश्न : सर्व देशांची मंजुरी नसताना कॅनडाचा करार लागू कसा झाला?

उत्तर : तात्पुरत्या अंमलबजावणीच्या तरतुदीने. २१ सप्टेंबर २०१७ पासून महासंघाच्या अधिकारातला भाग लागू झाला. गुंतवणूकदारांचा लवाद त्यातून वगळला होता.

प्रश्न : मोरोक्कोबरोबरचे करार न्यायालयात का टिकले नाहीत?

उत्तर : मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. २०१९ चे शेतमाल आणि मासेमारीचे करार मोरोक्कोच्या ताब्यातल्या पश्चिम सहारालाही लागू केले होते. त्यासाठी सल्लामसलत झाली ती तिथे आज राहणाऱ्या लोकांशी. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालय म्हणाले, की रहिवासी वेगळे आणि स्वतःचे राजकीय भवितव्य ठरवण्याचा (स्वयंनिर्णयाचा) हक्क असलेली तिथली मूळ सहरावी जनता वेगळी. त्या जनतेतले बहुतेक लोक प्रदेशाबाहेर आहेत, कित्येक अल्जीरियातल्या निर्वासित छावण्यांत. ज्यांच्या जमिनीतला आणि समुद्रातला माल, त्यांनाच विचारले नाही, तर करार कुणाशी केला? त्याच दिवशीच्या आणखी एका निकालानुसार तिथल्या टोमॅटो-खरबुजांच्या लेबलवर उगम म्हणून ‘पश्चिम सहारा’ एवढेच लिहायचे होते; ‘मोरोक्को’ लिहिलेले चालणार नव्हते.

प्रश्न : नाशिकला आमची द्राक्षबाग आहे. करारामुळे शुल्क घटले, तर फवारणीच्या औषधांच्या अवशेषांची अटही सैल होईल का?

उत्तर : नाही. शुल्क करारात ठरते. अवशेषांची कमाल मर्यादा महासंघाच्या २००५ च्या स्वतंत्र नियमात आहे आणि ती त्यांच्या स्वतःच्या शेतकऱ्यांनाही लागू आहे. त्यामुळे प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही आणि तोडणीआधीची नमुना तपासणी चालूच ठेवा.