गॅटलंड यांची वाट आणि न्यूझीलंडचा व्हिसा

आपण पुण्यात क्रीडाशिक्षक आहात, बी.पी.एड. झाले आहे, राज्याच्या संघातून रग्बी खेळला आहात आणि आता नोकरी सोडून, न्यूझीलंडला येऊन रग्बी प्रशिक्षक व्हावे की नाही, असे विचारता आहात. न्यूझीलंडचे नामवंत रग्बी प्रशिक्षक वॉरन गॅटलंड यांचा दाखला आपणच दिला आहे आणि मी न्यूझीलंडमधील त्यांच्याच हॅमिल्टन शहरात राहतो, म्हणून त्यांच्याच कारकिर्दीवरून उत्तर देतो.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की गॅटलंड यांची वाट हॅमिल्टनकडे येणारी नसून हॅमिल्टनमधून बाहेर पडणारी आहे. ते वायकाटो या येथल्या प्रांतिक संघाचे हुकर, म्हणजे आघाडीच्या फळीतले मधले खेळाडू, होते. ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाकडून, ते 17 सामने खेळले, परंतु त्यांच्या जागेवर शॉन फिट्झपॅट्रिक ठाण मांडून बसलेले असल्यामुळे कसोटी सामना, म्हणजे दोन राष्ट्रीय संघांमधला अधिकृत सामना, त्यांच्या वाट्याला एकदाही आला नाही. रग्बीत उघडपणे मानधन घेण्याची मुभा 1995 साली मिळाली. तोपर्यंत खेळ हौशी होता आणि गॅटलंड पोटासाठी शाळेत शिकवत. 1989 मध्ये ते आयर्लंडमधील गॉलवेच्या गॉलवेजियन्स क्लबात खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत गेले आणि पुढे 1996 मध्ये त्यांनी कॉनाख्ट या प्रांतिक संघाची सूत्रे घेतली. आयर्लंडच्या चार प्रांतांत हा सर्वांत दुबळा संघ. त्याच संघाने नॉर्थहॅम्प्टनसारख्या बलाढ्य इंग्लिश क्लबाला एकाच हंगामात दोनदा हरवले आणि 1998 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, गॅटलंड आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. जिथे जाणकारांची वानवा होती तिथे ते गेले. न्यूझीलंडमध्ये मात्र रग्बीच्या जाणकारांना तोटा नाही.

याच कारकिर्दीतले धक्केही पाहावेत. 1999 च्या विश्वचषकात आयर्लंड लान्स येथे अर्जेंटिनाकडून 28-24 असा हरला. काही महिन्यांनी स्कॉटलंडविरुद्ध गॅटलंड यांनी रोनन ओगारा आणि पीटर स्ट्रिंजर यांच्यासह पाच नवे खेळाडू एकदम उतरवले व सामना 44-22 असा जिंकला. त्याच हंगामात पॅरिसमध्ये आयर्लंडला 1972 नंतरचा पहिला विजय मिळाला. तरीही 2001 च्या नोव्हेंबरात त्यांना काढण्यात आले आणि त्यांची जागा त्यांच्याच सहायकाला, एडी ओसलिव्हन यांना, मिळाली. पुढे वॉस्प्स या इंग्लिश क्लबाला त्यांनी युरोपचा करंडक मिळवून दिला आणि वेल्सच्या राष्ट्रीय संघाला 2008, 2012 व 2019 अशी तीन ग्रँड स्लॅम, म्हणजे सहा राष्ट्रांच्या वार्षिक स्पर्धेतले सगळेच सामने जिंकण्याचा मान. तेच गॅटलंड वेल्समध्ये दुसऱ्यांदा आले आणि सलग 14 कसोटी सामने हरल्यानंतर 2025 च्या फेब्रुवारीत पायउतार झाले.

गॅटलंड यांना प्रत्येक वेळी मायदेशी परतता येत होते. 2006 मध्ये त्यांनी वायकाटो संघाबरोबर राहून प्रांतिक करंडकही जिंकला. आपला व्हिसा एखाद्या मालकाशी बांधलेला असेल, तर नोकरी जाताच देशात राहण्याचाच प्रश्न उभा राहतो, आणि या व्यवसायात नोकरी जाणे हा अपवाद नाही.

म्हणून प्रशिक्षक म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून येण्याचा विचार करावा. त्यासाठी आपल्या पदवीचे मूल्यमापन न्यूझीलंड क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटीकडून आणि नोंदणी टीचिंग कौन्सिलकडून करून घ्यावी लागते. पदवी मान्य होते की नाही हे पुण्यात बसूनच कळू शकते. तोपर्यंत राजीनामा देऊ नये. एखादा एजंट ‘कोचिंगचा कोर्स केला की नोकरी ठरलेलीच’ असे सांगत असेल, तर त्याच्याकडे पाठ फिरवावी.

येथील स्थानिक क्लबांत बहुतेक प्रशिक्षक बिनपगारी असतात. शनिवारी सकाळी, गवतावर दव गोठलेले असताना, लहानग्यांच्या कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या फिती ओढण्याचा ‘रिपा’ खेळ चालतो. कित्येक मुले अनवाणीच धावत असतात, आणि शिट्टी घेऊन उभा असलेला माणूस आठवडाभर सुतारकाम किंवा दूधधंदा करणारा, कुणाचा तरी बाप असतो. आपल्यालाही सुरुवात तिथूनच करावी लागेल. मुलांबरोबर काम करायचे म्हणजे पोलिसांकडून पडताळणी आलीच, आणि दुखापती टाळण्यासाठीचे ‘रग्बीस्मार्ट’ प्रशिक्षणही घ्यावे लागते. क्लबांचा हंगाम हिवाळ्यातला, साधारण मार्च-एप्रिलपासून पुढे. त्यामुळे येणे ठरलेच, तर फेब्रुवारीत पोहोचावे आणि घर शोधतानाच जवळच्या क्लबाच्या सचिवाला भेटावे. संघ जुळवायला माणसे तेव्हाच हवी असतात.