‘बहुशर्करा’ गोड असते का? आणि नॅनोकणांचं मराठी

एका ताईंनी विचारलंय की ‘प्रोटीन अँड पॉलिसॅकराइड नॅनोपार्टिकल्स फॉर ड्रग डिलिव्हरी’ हे मराठीत नीट कसं लिहायचं. कॅन्सरच्या औषधांवर लेख लिहितायत त्या. त्यांनी स्वतः ‘औषध वितरणासाठी प्रथिन व बहुशर्करा सूक्ष्मकण’ असं केलंय, पण ‘बहुशर्करा’ वाचून डायबेटिसवाले घाबरतील अशी शंका आहे.

ताई, मी असतो तर ‘औषध वाहून नेणारे प्रथिनांचे आणि बहुशर्करांचे नॅनोकण’ असं लिहिलं असतं. आता का ते सांगतो.

बहुशर्करा अजिबात सोडू नका. सॅकराइड हा शब्द ग्रीक ‘साक्खारोन’वरून आला आणि ते साक्खारोन मुळात आपल्याकडचंच, संस्कृत शर्करा, पालीत सक्खरा, आणि आपली रोजची साखरसुद्धा त्याच घरातली, म्हणजे इतका जवळचा शब्द हाताशी असताना पॉलिसॅकराइड असं अडखळत वाचायला लावायचं कशाला? राहिला गोडीचा प्रश्न. शर्करेचे शेकडो-हजारो रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी झाली की गोडी राहत नाही, कापसातलं सेल्युलोज पण बहुशर्कराच आहे. आणि नॅनोकणांसाठी जास्त वापरतात ते कायटोसान किंवा समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, त्यांच्यापासून आपल्या शरीरात ग्लुकोज बनत नाही. पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘बहुशर्करा, म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांब साखळी’ एवढं लिहिलंत तरी पुरे, कोणी घाबरणार नाही.

कायटोसानवरून आठवलं, बऱ्याच जणांनी ‘चिटोसन’ लिहिलेलं दिसतं, तसं नका लिहू, उच्चार क चा आहे. कोळंबी-खेकड्याच्या कवचात कायटिन असतं, ते नाव अंगरख्याच्या ग्रीक शब्दावरून पडलं, १८२३ मध्ये, आणि कायटिनवर अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळतं. आम्लात त्याच्यावर धन प्रभार येतो, आपल्या नाकातल्या-आतड्यातल्या चिकट स्रावावर ऋण प्रभार असतो, त्यामुळे ते तिथे चिकटून राहतं आणि औषधाला आत शिरायला वेळ मिळतो. म्हणूनच तर संशोधक त्याच्या इतके मागे आहेत!

‘सूक्ष्मकण’ मात्र चुकीचं होईल. सूक्ष्म हे मायक्रोसाठी आधीच ठरून गेलंय, म्हणजे दशलक्षांश, आणि नॅनो त्याच्याही हजारपट लहान, अब्जांश. ‘अब्जांश कण’ हा शब्द बरोबर आहे आणि मला आवडतो पण, कारण आकडा शब्दातच आहे, पण एकदा अर्थ सांगून झाला की पुढे नॅनोकण बरा, तोंडात बसलेला आहे.

‘वितरण’ही नको. एक तर वीज किंवा रेशन डोळ्यासमोर येतं, आणि खरी अडचण अशी की औषधशास्त्रात वितरण हा वेगळाच टप्पा आहे, औषध रक्तातून निरनिराळ्या ऊतींमध्ये पसरतं ते. इथे आपल्याला औषध हव्या त्या जागी पोचवायचंय, म्हणून औषधवहन किंवा सरळ ‘औषध पोचवणं’. आणि ‘ड्रग डिलिव्हरी’ असंच देवनागरीत ठेवू नका प्लीज, मराठी बातम्यांत ड्रग्ज म्हणजे अमली पदार्थ, मथळा वाचून भलताच अर्थ निघेल.

शेवटचं, ‘प्रथिन नॅनोकण’ असे दोन शब्द शेजारी ठेवले की कळत नाही, कण प्रथिनाचा की प्रथिन वाहून नेणारा? इन्सुलिन हे स्वतःच प्रथिन आहे आणि तेही कायटोसानच्या कणांत भरून बघतात, म्हणजे दोन्ही अर्थ खरोखर शक्य आहेत. ‘चे’ लावा, गोंधळ मिटतो. तुमच्या लेखात पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध असेलच, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रावकात देत होते आणि त्या द्रावकाची काहींना जोरदार ॲलर्जी यायची, मग अमेरिकेत २००५ मध्ये अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या सुमारे १३० नॅनोमीटरच्या कणांतलं पॅक्लिटॅक्सेल मंजूर झालं, त्यात ते द्रावक लागतच नाही. त्याला ‘अल्ब्युमिन पॅक्लिटॅक्सेल’ लिहिलंत तर दोन औषधं एकत्र दिल्यासारखं वाटेल. ‘अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल’ लिहा, मग वाहणारं कोण आणि औषध कुठलं ते पेशंटलाही कळेल.