हाताला कोमट, माशांना कढत

दिवाळी सरली आणि साताऱ्यात पहाटेचा गारठा जाणवू लागला की माझ्याकडे येणारे प्रश्न एकाच वळणाचे होतात: मासे कोपऱ्यात बसलेत, खात नाहीत, पाण्यात काय घालू? काही घालू नका, आधी तापमान मोजा. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी 29 अंश आणि पहाटे 12, असा झोका असतो. माशाच्या अंगाचं तापमान पाण्याबरोबरच वरखाली होतं, त्यामुळे हा झोका त्याला सोसत नाही. हीटर लावायचा तो हा झोका थांबवायला.

प्रश्न : दोन गोल्डफिश आहेत. दुकानदार म्हणतो, हीटर घ्यावाच लागेल. (वाई)

नाही लागत. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे, 18 ते 22 अंशांत छान राहतो. त्या पैशांत मोठी टाकी घ्या.

प्रश्न : दोन फुटी टाकीत एंजल आणि मॉली आहेत. किती वॅटचा हीटर घ्यावा? (शाहूपुरी, सातारा)

दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत 56 लिटर पाणी मावतं. वाळू-दगड वजा जाता 50 धरा. लिटरमागे एक वॅट पुरतो. खोली फार गार असेल तर 75 वॅटचा घ्या आणि 26 अंशांवर ठेवा. ‘एकदाच मोठा घेऊन टाका’ म्हणत 200 वॅटचा गळ्यात मारतात, तो घेऊ नका. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारा भाग, अडकला तर लहान हीटरमध्ये सावरायला काही तास मिळतात, मोठ्यात मिळत नाहीत. हीटर फिल्टरच्या धारेजवळ लावा, थर्मामीटर समोरच्या टोकाला.

प्रश्न : आमची टाकी 20 लिटरची. पहाटे पाणी गार पडतं म्हणून सासरे आंघोळीच्या पाण्याचा रॉड पाव तास टाकीत लावतात आणि हाताला कोमट लागलं की काढतात. आठवड्यात तीन मासे गेले. कुठे चुकतंय? (कराड)

सासऱ्यांचा जीव तुटतो म्हणूनच ते पहाटे उठतात, हे मला कळतं. पण रॉड आजच्या आज बंद करा. हा प्रकार मी दर हिवाळ्यात ऐकतो आणि दर वेळी तितकाच हादरतो.

हिशेब बघा. 25 वॅटच्या हीटरला 20 लिटर पाणी एक अंशाने चढवायला जवळजवळ तास लागतो. 1500 वॅटचा रॉड तेच एका मिनिटात करतो. पाव तासात पंधरा अंश! जे ऊन आपल्याकडे पहाटेपासून दुपारपर्यंत हळूहळू चढतं, ते त्या माशांवर चहा होईपर्यंत कोसळतं. रॉडला लागून असलेलं पाणी तर त्याहून कितीतरी कढत असतं, आणि मासा तिथूनच पोहत जातो.

दुसरी चूक हाताची. आपली कातडी 32-33 अंशांची, त्यामुळे 26 अंशांचं पाणी, म्हणजे माशांना हवं तेच, आपल्या हाताला गार लागतं. हाताला कोमट लागेपर्यंत पाण्याने 34-35 ओलांडलेले असतात. शिवाय पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात. माशाची गरज मात्र त्याच वेळी वाढलेली असते. म्हणून तो वर येऊन तोंड उघडझाप करतो आणि घरच्यांना वाटतं, ऊब मिळाली, खेळायला लागला.

आता 25 वॅटचा, थर्मोस्टॅट असलेला हीटर आणा. डायल एकदम 26 वर नेऊ नका. पाणी आज आहे त्याच्या दोन अंश वर ठेवा, उद्या आणखी दोन. खाणं निम्मं करा. उरलेल्यांपैकी कुणाचा तोल जात असेल तर जाणकाराला लगेच दाखवा.

प्रश्न : डब्यावर ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ लिहिलंय. तरी थर्मामीटर हवाच का? (कोरेगाव)

हवाच. डब्यावर काहीही छापता येतं. एका जानेवारीत सकाळी माझ्याच टाकीची झाकणाखालची काच वाफेने धुरकटलेली दिसली. हीटरचा लाल दिवा चालू, डायल 26 वर आणि थर्मामीटरमध्ये 36. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटून बसले होते. अकरा गप्पी गेले. तेव्हापासून चहाच्या आधी मी पारा बघतो.

प्रश्न : रात्री तीन-चार तास लाइट जाते. तेव्हा काय करावं? (मेढा)

टाकीच्या तिन्ही बाजूंनी गोधडी गुंडाळा, वरून हवा खेळू द्या, खायला घालू नका. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. मोठी टाकी तेवढ्यात फार गार होत नाही. गरम पाणी ओतू नका.

प्रश्न : माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आलेत. आठ दिवस दुकानातलं निळं औषध घालतोय. शेजारी मूठभर मीठ टाका म्हणतात. (सदर बझार, सातारा)

आठ दिवस कशाची वाट बघितलीत? वर्णनावरून हा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे ‘इक’ वाटतो. पाणी एकदम गार झाल्यावर तो बहुधा उफाळतो. ठिपका अंगावर असतो तोवर त्यातल्या परजीवीला औषध लागू पडत नाही. तो सुटून पाण्यात पोहू लागला की मगच मारता येतो. पाणी रोज एक-दोन अंशांनी वाढवत 28-29 वर नेलं की हे चक्र लवकर फिरतं, पण एअर पंप चालू हवा. कोणता मासा किती ऊब आणि किती मीठ सोसेल हे जातीवर ठरतं, म्हणून मूठ मोजू नका. मत्स्यशास्त्र शिकलेल्या माणसाला किंवा माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला आजच दाखवा.

प्रश्न : पाणी बदलताना हीटर चालू ठेवला तर चालेल का? (सातारा)

नाही. बंद करा, वीस मिनिटं थांबा, मग पाणी काढा. तापलेली काच उघडी पडली की तडकते.

प्रश्न : टाकीत हात घातला की हलक्या मुंग्या येतात. हीटरमुळे असेल का? (कोडोली, सातारा)

असेल किंवा पंपामुळे असेल, शोधत बसू नका. सगळे प्लग काढा, टाकीला हात लावू नका, आजच वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. घरात लहान मूल असेल तर तोवर ती खोली बंद ठेवा.