डिस्चार्ज बुकातील नोंद चुकली असेल तर

प्रश्न : माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९२ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात (निवृत्तीच्या वेळी सैन्याकडून मिळणारे पुस्तक) व पीपीओवर (निवृत्तिवेतनाचा आदेश) आईचे माहेरचे नाव आहे. आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पासबुकावर मात्र लग्नात बदललेले नाव आहे. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी गेलो असता ‘नावे जुळत नाहीत, आधी बुक दुरुस्त करून आणा’ असे सांगण्यात आले. खडकीला चौकशी केली, तेव्हा हे काम तेथले नाही असे कळले. वडिलांची जन्मतारीखही दोन वर्षांनी चुकीची लागली आहे, असे चुलते म्हणतात. तीही याच अर्जात दुरुस्त होईल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : खडकीत मिळालेली माहिती बरोबर आहे. तेथील रेकॉर्ड ऑफिस बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे सैन्यातील अभियंता दलाचे आहे, आणि जवळ पडते म्हणून पुण्यातील अनेक जण आधी तेथेच जातात. परंतु सैनिकाचे कागद तो राहतो त्या शहरात नव्हे, तर ज्या रेजिमेंटमधून किंवा कोअरमधून तो निवृत्त झाला, तिच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे ऑफिस बेळगावला आहे, तोफखान्याचे नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आणि चिलखती दलाचे अहिल्यानगरला. आपला अर्ज बेळगावलाच गेला पाहिजे.

‘बुक दुरुस्त करून आणा’ ही सूचना मात्र दिशाभूल करणारी आहे. डिस्चार्ज बुक हा मूळ अभिलेख नव्हे. मूळ नोंदी शीट रोलमध्ये, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसातील सैनिकाच्या सेवा-नोंदपत्रकात असतात. लग्न झाले, मूल झाले की पार्ट टू ऑर्डर (असा बदल नोंदवणारा लष्करी आदेश) निघते आणि तिच्या आधारे शीट रोलमध्ये नोंद चढते. बुकात उतरतो तो या नोंदींचा सारांश. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर पेनाने नाव खोडून जसा फेरफार होत नाही, तसेच हे आहे. तेव्हा बुकात कोणाकडूनही खाडाखोड करून घेऊ नये. जुने नाव कंसात टाकून, शेजारी निळ्या शाईने नवे नाव लिहून त्यावर नोटरीचा गोल शिक्का मारलेले बुक पुढे आले, की साधे कामही संशयास्पद ठरते.

पहिली चौकशी अशी करावी, की शीट रोलमध्ये आईचे कोणते नाव आहे. वडिलांनी लग्नानंतर नव्या नावाची पार्ट टू ऑर्डर काढून घेतलेली असू शकते आणि बुक लिहिताना जुने नाव उतरलेले असू शकते. तसे असेल, तर आपले काम निम्म्याने कमी होईल. पत्राला उत्तर आले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून तोच प्रश्न विचारावा. त्यासाठी ३० दिवसांची मुदत कायद्यानेच घातलेली आहे.

शीट रोलमध्येही माहेरचेच नाव निघाले, तर दुरुस्तीचा अर्ज आपण नव्हे, आईंनी स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने करावा, कारण हक्कदार त्या आहेत. सोबत वडिलांचा मृत्यूचा दाखला, बुकाची व पीपीओची प्रत, आईंचे आधार कार्ड, विवाहाचा उपलब्ध पुरावा आणि दोन्ही नावांची स्त्री एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. ‘शांता’चे ‘शांताबाई’ झाले असते, तर एवढ्यावर भागण्यासारखे होते. येथे नाव मुळातच वेगळे असल्याने महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. अर्ज पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीसह पाठवावा. हे काम ‘करून देणारे’ लोक भेटतात; त्यांना पैसे देण्याचे काहीही कारण नाही.

अभिलेखातील नाव बदलल्यावर रेकॉर्ड ऑफिसकडून प्रकरण प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाकडे जाते आणि तेथून शुद्धिपत्रकासारखा सुधारित पीपीओ निघतो. बँकेला किंवा ‘स्पर्श’ या सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीला तोच मान्य होतो. तो हाती आल्यावर आईंच्या नावाचे स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

जन्मतारखेचा विषय काढू नये. सेवेच्या अखेरीस केलेल्या अशा मागण्यासुद्धा सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी फेटाळल्या आहेत. येथे तर निवृत्तीलाही तीन दशके उलटली, आणि दोन मागण्या एकत्र केल्यास मिळण्याजोगी गोष्टही अडकून पडेल. त्याऐवजी आईंची जन्मतारीख पीपीओवर आहे का, हे पाहावे. वयाच्या ८० व्या वर्षी कुटुंब निवृत्तिवेतन २० टक्क्यांनी वाढते, ८५ व्या वर्षी ही वाढ ३० टक्के होते आणि पुढेही वाढत जाते. तारखेची नोंदच नसेल, तर ही वाढ मिळताना पुन्हा हाच खटाटोप करावा लागेल. ती नोंद याच अर्जात मागावी.

प्रश्न : मला २००४ मध्ये, अकरा वर्षांच्या सेवेनंतर, आजारामुळे सैन्यातून काढण्यात आले. अपंगत्व ३० टक्के धरले. पण ‘आजार सेवेमुळे उद्भवलेला अथवा बळावलेला नाही’ असा शेरा असल्याने पेन्शन मिळाले नाही. हा शेरा दुरुस्त करून मिळेल का?
— एक माजी सैनिक, दिघी

उत्तर : ही लेखनिकाची चूक नसून वैद्यकीय मंडळाचे मत आहे, त्यामुळे दुरुस्तीच्या अर्जाने ते बदलणार नाही, त्याविरुद्ध अपीलच करावे लागेल. मत बदलून घेण्यास मात्र चांगला आधार आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे आणि मंडळाचे मत उलट असेल तर त्याने कारणे द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात म्हटले आहे. आपले अपंगत्व २० टक्क्यांच्या किमान अटीपेक्षा अधिकच आहे.

प्रथम रेकॉर्ड ऑफिसकडून मंडळाच्या कार्यवाहीची आणि भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची प्रत मागवावी, आणि यात दिरंगाई करू नये. पेन्शन न मिळणाऱ्या सैनिकाचे कागद साधारणतः २५ वर्षांनी नष्ट केले जातात, म्हणजे आपल्या बाबतीत ही मुदत २०२९ मध्ये संपेल. अपील फेटाळले गेले किंवा सहा महिन्यांत उत्तर आले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येते. झालेल्या विलंबाबद्दल माफीचा स्वतंत्र अर्ज जोडावा. निकाल आपल्या बाजूने लागला, तरी थकबाकी सामान्यतः अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, त्यामुळे २००४ पासूनच्या रकमेचा हिशेब धरून वकिलाशी फी ठरवू नये.