विमानांचा आवाज कमी झाला, मग कम्प्लेंटी का वाढल्या?

प्रश्न : माझा मुलगा बॉस्टनजवळ मिल्टनला राहतो. मी तिकडे होते तेव्हा शेजारचे सगळे विमानांच्या आवाजाने वैतागलेले, रोज ऑनलाइन कम्प्लेंट करायचे. मुलगा म्हणतो नवीन विमानं जुन्यापेक्षा खूप कमी आवाज करतात. मग ही नुसती किरकिर आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलगा बरोबर बोलतोय ताई, पण शेजारीही खोटे नाहीत. अमेरिकेच्या विमान खात्याने, म्हणजे एफएएने, २० विमानतळांभोवतीच्या १० हजारांहून जास्त लोकांना विचारलं आणि २०२१ मध्ये निकाल जाहीर केला. दिवसरात्रीची सरासरी ६५ डेसिबल असते तिथे १९९२ च्या जुन्या सरकारी अंदाजाच्या हिशोबाने साधारण १२ टक्के लोक अतिशय त्रासलेले असायला हवे होते, निघाले ६० टक्क्यांच्या वर!

माझ्या मते घोळ त्या सरासरीतच आहे. एकेक विमान शांत झालं पण विमानं वाढली, आणि सॅटेलाइट नेव्हिगेशन आल्यापासून पूर्वी जी इकडून तिकडून पसरून जायची ती आता एकाच रेघेवरून एकामागोमाग जातात, म्हणजे त्या रेघेखालच्या घरांना सगळ्यांच्या वाटचा आवाज. मिल्टनचं दुखणं हेच.

लढायची पद्धतपण बदललीय. १९६८ मध्ये ईस्ट बॉस्टनच्या मॅव्हरिक स्ट्रीटवर बायका बाबागाड्या घेऊन रस्त्यात उभ्या राहिल्या आणि लोगन या बॉस्टनच्या विमानतळाच्या कामाला भराव नेणारे ट्रक अडवले, कष्टकरी वस्ती होती ती. आता लोक घरबसल्या फॉर्म भरतात. त्यात गंमत अशी की वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाकडे २०१५ मध्ये ८,७६० तक्रारी आल्या, त्यातल्या ६,८५२ एकाच घरातून! असले आकडे दाखवून सगळ्यांनाच किरकिरे ठरवणं सोपं जातं, म्हणून मी तक्रारींच्या आकड्यापेक्षा सर्व्हे जास्त मानतो, कारण त्यात कधीच तक्रार न करणाऱ्यांनाही विचारलेलं असतं.

मार्ग बदलता येतील का यावर लोगनसाठी एमआयटीच्या लोकांनी कामही केलंय, पण रेघ सरकवली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी छपरावर जाते, मग गावागावांत जुंपते.

मुलगा तिथेच घर घेणार असेल तर एकदाच बघून ठरवू नका म्हणावं. वारा बदलला की रनवे बदलतो, ईशान्येचा वारा असला की लोगनला उतरणारी विमानं मिल्टनवरून येतात, तर तसा दिवस बघून जा आणि तासभर अंगणात बसा.